नव्याण्णव, मग एकोणनव्वद

अठरा होलचा राउंड शंभर फटक्यांच्या आत संपवायला गोल्फ चांगलं खेळावं लागत नाही. पार ७२ च्या कोर्सवर नऊ होलना बोगी आणि नऊ होलना डबल बोगी केली, म्हणजे अठरापैकी एकाही होलवर पार साधला नाही, तरी बेरीज ९९ भरते. (पार म्हणजे त्या होलसाठी नेमून दिलेले फटके. एक जास्त झाला की बोगी, दोन जास्त झाले की डबल.) अडचण डबलची नसतेच. अडचण असते ती आठ-नऊ फटके खाणाऱ्या होलची. एक बॉल पाण्यात, एक झाडीत, मग रागाच्या भरात मारलेला एक, तो ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) पार पलीकडे, आणि बघता बघता पार ४ च्या होलवर नऊ. असे तीन होल पदरी पडले की बाकीचे पंधरा कितीही नेटाने खेळा, शंभरी चुकत नाही.

मी या खेळात आले ती ऑफिसमुळे. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला 'संकन गार्डन्स' नावाचा नऊ होलचा छोटा कोर्स आहे, जवळजवळ सगळे होल पार ३ चे. आमच्या टीममधले चार-पाच जण गुरुवारी संध्याकाळी तिथे जायचे. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये "काल सहाव्या होलवर बोललो तसं" अशी सुरुवात व्हायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की निर्णय तिकडे होतात. मग मीही भाड्याचे क्लब (गोल्फच्या काठ्या) घेऊन जायला लागले. पहिल्या दिवशी बॉल नीट हवेत उडाला तो एकदाच. पण क्लबच्या बरोबर मधोमध बॉल लागला की हाताला काहीच जाणवत नाही, फक्त आवाज येतो. तेवढ्यावर पुढची काही वर्षं निघाली. नवऱ्याचं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: "चार तास उन्हात चालायचे पैसे देतेस. पर्वतीवर फुकट चालायचीस."

छोट्या कोर्सवरून मोठ्यावर गेले ती सॅन होजेच्या म्युनिसिपल कोर्सवर. सपाट, पार ७२, शहराच्या मालकीचा असल्यामुळे खिशाला झेपणारा. इथे एकटीने बुकिंग केलं की स्टार्टर (खेळाडूंना क्रमाने सोडणारा माणूस) जिथे जागा असेल तिथे तुम्हाला घालतो. त्यामुळे बऱ्याचदा पहिल्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात तिथे) तीन अनोळखी पुरुष आणि मी. त्यांचे फटके मागच्या टीवरून होणार, मग माझ्यासाठी सगळे पुढच्या टीवर येऊन थांबणार आणि मी उभी राहिले की फार सभ्यपणे दुसरीकडे बघणार. ते दुसरीकडे बघणं मला सगळ्यात जास्त झोंबायचं. माझा ड्राइव्ह (टीवरून मारायचा लांब फटका) तेव्हाही दीडशे-एकशेसाठ यार्डांचा होता, आजही फार तर एकशेसत्तर जातो. पण सरळ जातो. त्यांचे अडीचशे यार्डांचे ड्राइव्ह शेजारच्या होलच्या फेअरवेवर (टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्यावर) जाऊन पडत, आणि तिसऱ्या-चौथ्या होलपर्यंत मंडळी माझ्या फटक्याकडेही बघायला लागत.

ऑफिसच्या मंडळींची मोजायची पद्धत दिलदार होती. पहिल्या टीवरचा पहिला फटका वाया गेला तर तो 'ब्रेकफास्ट बॉल', दुसरा मारा. ग्रीनवर बॉल होलपासून दोन-तीन फुटांवर आला की 'गिमी', उचला. आठच्या पुढे मोजायचं नाही, आठ लिहायचे आणि पुढे चालायचं. या हिशोबाने माझे एकदा ९७ झाले आणि टीमने कपकेक आणले. कपकेक छान होते. तो आकडा मी कुठे लिहून ठेवला नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी राहायला आले. सासरे फौजेतून निवृत्त झालेले, आणि गोल्फ त्यांच्या अंगात छावण्यांमधून मुरलेलं. इथले कोर्स बघून ते आधी दोन दिवस गवताबद्दलच बोलत होते. त्यांच्या तरुणपणी पाण्याची बोंब असलेल्या छावण्यांमध्ये ग्रीन नव्हत्याच, ब्राऊन असायच्या. होलभोवती गवताऐवजी तेल घालून दाबलेली वाळू. पुट (होलच्या दिशेने जमिनीवरून घरंगळवायचा फटका) मारायच्या आधी कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, लाकडी फळीच्या दांड्याने बॉलपासून होलपर्यंतची वाट सपाट करून द्यायचा. कलकत्त्याच्या पोस्टिंगमध्ये तर त्यांनी 'आगेवाला'ही अनुभवला होता: पुढे जाऊन उभं राहायचं आणि बॉल कुठे पडतोय त्यावर नजर ठेवायची, एवढंच त्याचं काम. इथे आपली ट्रॉली आपणच ढकलायची आणि आपला बॉल आपणच हुडकायचा, हे त्यांना पहिल्या दिवशी जरा गैरसोयीचं वाटलं.

आमची पहिली चकमक दुसऱ्याच होलवर झाली. माझा बॉल होलपासून हातभर अंतरावर थांबला होता. मी उचलायला वाकले.

"काय करतेस?"

"बाबा, गिमी आहे हा."

"कोणी दिला?"

"कोणी म्हणजे… एवढा जवळचा देतातच सगळे."

"मग घालूनच दाखव ना, सूनबाई. जवळचाच तर आहे."

मारला. होलच्या कडेवरून अर्धी फेरी मारून बॉल बाहेर. होलचा व्यास सव्वाचार इंच असतो आणि बॉलचा पावणेदोन इंचांच्याही आत, म्हणजे कागदावर जागा भरपूर. बाबा काही बोलले नाहीत. कार्डावर त्यांनी सात लिहिले, आणि सातच्या बाजूला एक आडवी रेघ मारली.

ती रेघ तिसऱ्या पुटची होती. दंडाचा फटका झाला की टिंब, ग्रीनवर तीन पुट लागले की रेघ, अशी त्यांची खूण. काही राउंड झाल्यावर एका रात्री जेवणानंतर त्यांनी सगळी कार्डं टेबलावर मांडली, चष्मा लावला आणि टिंबं-रेघा मोजल्या. माझी समजूत अशी होती की माझे फटके आखूड पडतात म्हणून स्कोअर फुगतो. कार्डांवर भलतंच दिसत होतं. दर राउंडला पाण्यात आणि कोर्सच्या हद्दीबाहेर जाणाऱ्या बॉलचे दंड, आणि पाच-सहा होलवर तिसरा पुट. ड्राइव्ह आहे तिथेच ठेवून नुसती ही गळती थांबवली असती तरी मी शंभरच्या आत होते. "फटके वाईट नाहीत तुझे," बाबा म्हणाले, "खर्च वाईट आहे."

मग त्यांनी नियम घालून दिले. झाडीत बॉल गेला तर आडवं बाहेर यायचं, पुढे नाही, आडवं, फेअरवेवर. पाण्यावरून मारायचं असेल तर हातात जो क्लब आहे त्याच्यापेक्षा एक मोठा घ्यायचा. आणि ग्रीनच्या आसपास पोचलं की ते बॉल उंच उडवणारं सँड वेज (तिरक्या तोंडाचा क्लब) बॅगेतच ठेवायचं. तिथे सात नंबरचं आयर्न (कमी तिरक्या तोंडाचा लोखंडी क्लब) घ्यायचं, पुटरसारखं धरायचं आणि बॉल जरासा उडवून जमिनीवरून घरंगळत न्यायचा. ब्राऊनवर खेळणाऱ्याला हेच येतं, कारण वाळूवर उंचावरून पडलेला बॉल काय करील ते सांगता येत नाही. दिसायला हा फटका अगदीच गबाळा. तरुण पोरं टीव्हीवर बघून साठ अंशांच्या वेजने बॉल चंद्राकडे पाठवतात, तसलं काही त्यात नाही. पण त्यात चंक होत नाही (क्लब बॉलच्या आधी जमिनीत रुतत नाही), टॉप झाला (बॉलच्या वरच्या भागाला लागला) तरी बॉल साधारण त्याच दिशेने जातो, आणि बरेचदा होलपासून चार-पाच फुटांत थांबतो.

नव्याण्णव झाले ते ऑक्टोबरमधल्या एका सकाळी, त्याच म्युनिसिपल कोर्सवर. मला ते होताना कळलं नाही, कारण कार्ड बाबांच्या शर्टाच्या खिशात होतं. स्कोअर विचारायचा नाही अशी त्यांची सक्त ताकीद. डोक्यात बेरीज करायची म्हटलं तरी मधल्या एक-दोन होलवर नक्की सहा की सात हे आठवेना. एका बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) काठावर बॉल माझ्या पायांपेक्षा खाली होता. मी फिरवलेला क्लब बॉलच्या वरून सपशेल गेला, गवतही हललं नाही. आजूबाजूला कोणी नव्हतं. बरोबरचे दोघे पलीकडच्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात) बॉल शोधत होते. बाबा पाठमोरे, ट्रॉलीपाशी. मी दुसऱ्यांदा मारला, बॉल ग्रीनवर आला, दोन पुट. "किती?" त्यांनी विचारलं. "सहा. एक हवेत गेला." "हं," म्हणाले, आणि लिहिलं. बॉलला मारायच्या इराद्याने क्लब फिरवला की फटका मोजायचा, बॉल जागचा हलो न हलो.

अठराव्यानंतर त्यांनी क्लबहाऊसबाहेरच्या बाकावर बसून बेरीज केली. पुढचे (म्हणजे पहिले) नऊ ५१, मागचे (शेवटचे) नऊ ४८. पुन्हा केली. मग कार्ड माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "तू कर." माझेही नव्याण्णव आले. तो हवेतला धरून नव्याण्णव. त्यांनी कार्डाखाली सही केली, शेजारी माझी घेतली, तारीख घातली. ते कार्ड नंतर पुण्याला गेलं, त्यांच्या कागदपत्रांच्या फायलीत, पेन्शनच्या कागदांशेजारी. मला मागूनही दिलेलं नाही.

शंभर ते नव्वद हा टप्पा सगळे म्हणतात तितका मजेचा नाही. त्यात घडण्यासारखं फारसं काही नसतं. ९६, ९४, ९७, ९३, मध्येच १०४. मी रीतसर हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) काढून घेतला. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली, त्यात शेवटच्या वीस राउंडपैकी सर्वांत चांगल्या आठांवरून तुमचा आकडा निघतो. म्हणजे तुम्ही एरवी कसे खेळता याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नाही. चांगल्या दिवशी कसे खेळता तेवढंच तो सांगतो. नवऱ्याला ही एकच गोष्ट गोल्फमधली आवडली. असं मूल्यमापन ऑफिसात हवं म्हणाला.

नव्वदच्या आत यायला मात्र गणित बदलतं. पार ७२ वर प्रत्येक होलला बोगी केली तर नव्वद होतात. एकोणनव्वदला एक तरी पार लागतो आणि बाकी सतरा होलवर बोगीच्या खाली घसरून चालत नाही. माझ्या अंतराच्या माणसाला पार कसा मिळतो ते सांगते. समजा पुढच्या टीवरून पार ४ चा होल तीनशेदहा यार्डांचा आहे. ड्राइव्ह एकशेसत्तर, मग फेअरवे वुडने (लांब मारायच्या क्लबने) एकशेपंचवीस. दोन फटक्यांत मी ग्रीनच्या पंधरा यार्ड अलीकडे. लांब मारणारा तोपर्यंत ग्रीनवर असतो. आता चिप (ग्रीनजवळून मारायचा छोटा फटका) आणि दोन पुट म्हणजे बोगी, चिप आणि एक पुट म्हणजे पार. माझा सगळा खेळ त्या शेवटच्या पंधरा यार्डांत आणि पाच फुटांत आहे. सरावाच्या रेंजवर जाऊन बादलीभर बॉल ड्राइव्हरने बडवणं हा माझ्या बाबतीत निव्वळ व्यायाम.

त्यात कोविड आला. मार्चमध्ये इथले कोर्स बंद झाले आणि मेमध्ये उघडले ते नाना अटींवर. झेंड्याच्या काठीला हात लावायचा नाही, बंकरमधले दाताळे काढून टाकलेले, आणि होलमधून बॉल काढावा लागू नये म्हणून आतला कप वर उचलून ठेवलेला, जमिनीच्या बोटभर वर. बॉल त्या कपावर आपटला की होल झाला असं धरायचं. एरवी होलवरून उडी मारून चार फूट पुढे गेले असते असे पुट कपाला आदळून 'पडलेले' ठरत होते. त्या उन्हाळ्यात माझे एकदा ८८ झाले. व्हिडिओ कॉलवर मी बाबांना कार्ड दाखवलं.

"पडले का सगळे पुट?"

"पडायची सोयच नाही बाबा, कप वर आहे. आपटले."

"मग नाही."

"हँडिकॅपवाले धरतात तो स्कोअर."

"त्यांना धरू दे."

सासूबाई मागून म्हणाल्या, "अहो, पोरीला बरं तरी म्हणा." ते म्हणाले, "बरं आहे. पण नाही." मी चिडले होते. तरी त्यातल्या दोन-तीन पुटची गती मलाच माहीत होती.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये भारताची अदिती अशोक शेवटच्या दिवशी पदकाच्या शर्यतीत होती. पुण्यात शनिवारची सकाळ, आमच्याकडे शुक्रवारची रात्र. ज्या नातेवाइकांनी आयुष्यात गोल्फचं नाव काढलं नव्हतं ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत होते, "बर्डी चांगली की वाईट?" (चांगली: पारपेक्षा एक फटका कमी.) मी आणि बाबा तिकडे-इकडे टाइप करत बसलो होतो. तिच्याबरोबर खेळणारी नेली कोर्डा दर ड्राइव्हला तिच्या कितीतरी पुढे. अदिती त्या मैदानातल्या सगळ्यात आखूड मारणाऱ्यांपैकी, आईला कॅडी म्हणून घेऊन खेळणारी. आणि तरी होल बाय होल ती पुटरच्या जोरावर टिकून राहिली. मध्ये वादळाने खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, शेवटी पारखाली १५ वर ती चौथी आली. कांस्यपदक मिळवणारी लिडिया को पारखाली १६ वर. एका फटक्याने गेलं. मी हळहळत होते, बाबांचा मेसेज आला: "तिचे पंधरा फुटांच्या आतले बघितलेस?"

बघितले होते. त्यानंतर कित्येक महिने मी रेंजवर गेलेच नाही, सरावाच्या ग्रीनवर जायचे. घड्याळात तीन, सहा, नऊ, बारा वाजतात तिथे तिथे एक असे चार बॉल होलभोवती चार फुटांवर ठेवायचे आणि चारही घातल्याशिवाय घरी जायचं नाही. हे प्रकरण ऐकायला सोपं आहे. तीन घातल्यावर चौथ्याला हात कसे होतात ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. अंधार पडला की मोबाईलच्या उजेडात.

एकोणनव्वद झाले ते पालो अल्टोच्या बेलँड्स कोर्सवर. खाडीच्या काठचा, झाडं फारशी नसलेला, शेजारीच छोटा विमानतळ. दुपारी तिथे वारा असा सुटतो की बॅगेतला कुठलाच क्लब खरा वाटत नाही, म्हणून सकाळची पहिली वेळ घेतली होती. बरोबर एक वयस्कर व्हिएतनामी जोडपं होतं. अठरा होल ते आपसात भांडत होते आणि दोघेही माझ्यापेक्षा चांगले खेळत होते. पुढचे नऊ ४३. मागच्या नऊवर वारा लवकर उठला आणि दोन डबल झाल्या. यावेळी कार्ड माझ्याच हातात होतं, बेरीज डोक्यात पक्की होती, आणि शेवटच्या होलवर मला कळत होतं की बोगी केली तर एकोणनव्वद, डबल केली तर नव्वद. तिसरा फटका ग्रीनच्या डावीकडे, दाट पण कापलेल्या गवतात. सात नंबरचं आयर्न. बॉल घरंगळत गेला आणि तीन-साडेतीन फुटांवर थांबला. व्हिएतनामी बाई म्हणाल्या, "गुड, गुड, पिक अप." मी हसून मान हलवली आणि मारला. उजव्या कडेने आत पडला. कप खाली होता, आवाज आला.

बाबांना फोटो पाठवला. पुण्यात रात्र झाली होती. उत्तर आलं ते सकाळी: एक अंगठा, आणि खाली, "अकरावर तीन पुट का?"

आता राहिली ऐंशी. पार ७२ वर ७९ म्हणजे अकरा पार आणि सात बोग्या, तेही मध्ये कुठे डबल न होता. एकदा पुढच्या नऊला माझे ३९ झाले, सॅन होजेलाच. नऊ होलला चाळिशीच्या आत मी पहिल्यांदाच गेले होते, आणि ते मला दहाव्या टीवर उभं राहताना ठाऊक होतं हाच घोळ. मागचे नऊ ४६. एकूण ८५, आजवरचा माझा सगळ्यात चांगला राउंड, आणि घरी आले ती तोंड पाडून. नवऱ्याला काही केल्या कळेना की आनंदाची बातमी आहे की दुःखाची.

माझं मत विचाराल तर माझ्या अंतराला ८२-८३ पर्यंत मजल जाऊ शकते. त्यापुढे जायचं तर दोन फटक्यांत ग्रीन गाठता यायला हवी, आणि पंचेचाळिशीनंतर ड्राइव्ह वीस यार्डांनी वाढवून देतो असं सांगणाऱ्या कोचवर माझा विश्वास नाही. म्हणून सध्या मंगळवारी संध्याकाळी मी एकाच फटक्यावर बसले आहे: लांबलचक पार ५ वर तिसऱ्या फटक्यानंतर जे चाळीस-पन्नास यार्ड उरतात ते. तीस यार्डांवर सात नंबर घरंगळतं, सत्तरला वेजचा पूर्ण फटका बसतो. मधला अजून हातात येत नाही. कधी पस्तीसला पडतो, कधी पासष्टला.